‘हाड’ या शब्दाचं मूळ

इनामदारांकडे रोज पंगत बसायची आणि दारातली कुत्री हाकलायला सुभानबा म्हातारा असायचा. दिवसभर ‘हाड, हाड’ करावं आणि दोन वेळा जेवावं, एवढाच काय तो त्याला आधार.

एकदा तिथं एक मोठे शास्त्री आले. जेवताना त्यांना ते ‘हाड, हाड’ खटकलं. म्हणाले, “इनामदार, ज्या शब्दावर हा जेवतो, त्याचा अर्थ आणि मूळ तरी सांगू दे. नाहीतर उद्यापासून दारात दुसरा माणूस ठेवा.”

भिडेपोटी इनामदारांनी मान डोलावली. सुभानबा सावकाश म्हणाला, “महाराज, आधी तुम्ही म्हणून बघा.”

दारात एक पिवळी कुत्री उभी होती. शास्त्रीबुवांनी घसा साफ करून अगदी शुद्ध उच्चारात ‘हाड’ म्हटलं. कुत्री शेपूट हलवत दोन पावलं आत आली.

सुभानबा गुडघ्यावर एक हात ठेवून वाकला आणि दुसरा जमिनीला टेकवला. कुत्री थेट रस्त्यापर्यंत पळाली.

“हे त्याचं मूळ, महाराज. आधी माणूस वाकून दगड उचलायचा. मग नुसतं वाकलं तरी भागायला लागलं. पुढं कंबर दुखायला लागली, तेव्हा तोंडानं ‘हाड’ म्हणायला लागला.”

“मग माझ्या बोलण्यानं का गेली नाही?”

“तुम्हाला तिनं कधी वाकलेलं पाहिलं नाही ना.”

इनामदारांना हसू आवरेना. म्हणाले, “सुभानबा, उद्या वेळेवर ये रे बाबा.”