माडावरचे महाराज

वेळशी संस्थानात एक नियम होता: महाराजांच्या डोक्यापेक्षा वर कुणाचंही डोकं जाता कामा नये. असं का, हे विचारायचं नाही, हा दुसरा नियम.

आता सुभानराव महाराज होते जेमतेम तीन हात उंचीचे. त्यामुळे अख्खा दरबार गुडघ्यांवर चालायचा. आणि दिवसभर गुडघ्यांवर चाललेला माणूस घरी जाऊन गप्प थोडाच बसतो? कारभारी अंताजीपंत घरी दोन पाट एकावर एक ठेवून जेवायला बसू लागले, म्हणजे घरातले सगळे त्यांच्याहून खाली. ते पाहून त्यांच्या कारकुनानं आपल्या घरी तीन पाट रचले आणि आमटीत पडला. सासवा ओटीवर बसल्या, सुनांना अंगणात बसवलं, आणि एका सुनेनं अंगणात खड्डा खणून त्यात मांजराला बसवलं. कुणाला तरी खाली बसवल्याशिवाय कुणालाच जेवण जाईना.

गावात एकच पाडेली होता, माडावर चढून नारळ उतरवणारा धाकू. नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी तो शेंड्यावर असताना खालून महाराजांची पालखी निघाली. धाकूनं वरूनच अदबीनं नमस्कार केला आणि तिथंच चुकला. महाराजांनी नजर वर केली, आणि दुपारपर्यंत धाकू कोठडीत होता.

त्याची मुलगी आवडी दरबारात आली. गुडघ्यांवर चालायला तिनं साफ नकार दिला. दारातच मांडी घालून बसली. बसलेल्या माणसाला नियम काय करणार?

तिनं सांगितलं, उद्या दर्याला नारळ वाहिल्याशिवाय एकही होडी पाण्यात जाणार नाही. खाली पडलेला नारळ दर्याला चालत नाही, माडावरून काढलेलाच लागतो. तेव्हा बाबाला सोडा.

अंताजीपंत म्हणाले, "पोरी, या नियमात आमचे केस पांढरे झाले. आम्ही कधी चकार शब्द काढला का?"

"नाही ना काढलात. म्हणून मला यावं लागलं."

महाराज मात्र हट्टाला पेटले. उद्या त्यांच्यादेखत देवळापुढच्या माडाचा नारळ निघाला पाहिजे, आणि कुणाचंही डोकं त्यांच्या वर जाता कामा नये. आवडीला हे जमलं तर बाप सुटला. नाही जमलं तर धाकूची रवानगी घाटावर. शंभर कोसांत माड नाही असं एक गाव महाराजांनी खास शोधून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव वाळूवर जमला. कोळी होड्यांना टेकून उभे, म्हणजे खरं तर ओणवे. पंतांनी बांबूला बांबू जोडून एक लांबलचक आकडी करून आणली होती. ती वाऱ्यानं वाकली, नारळाऐवजी पंतांचीच पगडी उचलून गेली, आणि पगडी माडाच्या झावळीला लटकली.

आवडी म्हणाली, "महाराज, शेंड्यापर्यंत एकच डोकं जाऊ शकतं. तुमचं."

महाराजांनी मान वर करून शेंडा पाहिला.

"आता महाराजांना भीती वाटत असेल, तर मग..."

महाराजांनी जोडे काढले.

माडाला पाय ठेवायला खाचा होत्या. आवडी खालून एकेक पाऊल धरून खाचेत ठेवत होती, आणि वर महाराज माडाला मिठी मारून देवाचं नाव घेत होते. दोन घटकांनी ते शेंड्याशी पोचले. एक नारळ पिळून पिळून तोडला आणि खाली टाकला. होड्यांजवळ जल्लोष झाला. आवडी सरसर खाली उतरली.

लगेच पंत पुढे आले. नारळ महाराजांनी काढला, हिनं नाही. तेव्हा धाकू घाटावरच जाणार. वरून महाराजांनी खुशीत मान डोलावली. आपल्या सात पिढ्यांत इतकं वर कुणी पोचलं नाही, असंही ते ओरडले.

मग त्यांनी खाली पाहिलं.

थोड्या वेळानं अगदी बारीक आवाज आला. "आवडी, मला उतरव."

"नाही."

"मी हुकूम देतोय!"

"तुमच्या हुकमामुळेच नाही येत, महाराज. नवख्याला उतरताना कमरेला दोर लागतो, तो शेंड्याला बांधावा लागतो. बांधणाऱ्याला तुमच्या डोक्यावरून जावं लागेल."

महाराजांनी पंतांना बोलावलं. पंत वाळूतले शिंपले न्याहाळू लागले. सेनापतींना हाक मारली, त्यांना एकाएकी कमी ऐकू येऊ लागलं. ऊन चढलं. एक कावळा आला आणि ऐटीत महाराजांच्या डोक्यावर बसला. त्याला कोण सांगणार?

महाराजांनी पुन्हा खाली पाहिलं, या वेळी जरा जास्त वेळ.

"पंत, यातले तुम्ही कोणते? आणि तुमच्या शेजारी उभी आहे ती बकरी की सेनापती?"

पंतांनी हात वर केला. शेजारी बकरी होती.

माड हलायला लागला. महाराज हसत होते. हसता हसता त्यांनी शेंडा घट्ट धरला आणि विचारलं, ही गाठ बांधता येते तरी कुणाला?

"माणसाचं वजन पेलेल अशी गाठ मला अजून येत नाही," आवडी म्हणाली. "बाबाला येते. तो तुमच्या कोठडीत आहे."

"आणा त्याला!"

"आणि त्याचं डोकं?"

"जाऊ दे वर. चांगलं दोन हात वर जाऊ दे!"

धाकू आला, माडावर चढला, आणि वाट नव्हती म्हणून महाराजांच्या खांद्यावर पाय देऊन पलीकडे गेला. जड तर होत नाही ना, असं त्यानं विचारलंही. महाराज म्हणाले, तू आधी गाठ बांध.

महाराज जमिनीवर पोचताच त्यांच्या खांद्यावरची माती झटकायला पंत धावले. महाराजांनी त्यांना बाजूला सारलं आणि धाकूला विचारलं, देवळामागच्या वाडीतले किती माड चढतोस?

"सगळे, महाराज."

"मग सगळे तुझे."

"अर्धे माझे," आवडी म्हणाली. "मीही चढते. आज तुम्हाला कुणी चढवलं?"

महाराज वाळूत बसकण मारून पोट धरून हसत होते, आणि त्यांच्या भोवती पहिल्यांदाच सगळा दरबार ताठ उभा होता.