शंभर प्रश्नांचे दार

एका राज्यात एक नगरी होती, आणि तिच्या महाद्वाराला वाचा होती. आत यायचे तर त्याच्या शंभर प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. सात पिढ्यांची नावे सांग, जन्मनक्षत्र सांग, आत येऊन काय करणार ते सांग. एक चुकले की पुन्हा पहिल्यापासून! हे प्रश्न रचले होते द्वारपालिका वेत्रवतीने, आणि त्यांचा तिला कोण अभिमान.

एकदा एक तहानलेला मांत्रिक दारी आला. पाचव्या पिढीशी त्याची जीभ अडली. तो संतापून म्हणाला, "घोटभर पाणी मागितले, तर खापरपणजा विचारलास! ही नगरी पाषाण होवो. परके माणूस इथे घरच्यासारखे वावरेल, तेव्हाच ती जागी होईल."

राजा सिंहासनावर दगड झाला, कावळे पिंपळावर दगड झाले. वेत्रवतीची लेक मंजुळा अंगणातून "आई, दारात..." एवढेच बोलली आणि दगड झाली. उंबऱ्यावर, ना आत ना बाहेर उभी असलेली वेत्रवती तेवढी वाचली.

बारा वर्षे वेत्रवती लेकीच्या दगडी केसांवरची धूळ पुसत राहिली. वाटसरू येत, विसाव्या प्रश्नाला कंटाळून निघून जात. ती दोघींचे रांधी आणि एकटीच जेवी. बोलायला माणूस नसणे म्हणजे काय, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

शेवटी बाहेरून उडत येऊन तटावर बसलेली एक साळुंकी बोलली, "बाई, तू या दारातून परकी म्हणून कधी आली आहेस?"

"मी आतच जन्मले."

"मग एकदा बाहेर जा."

वेत्रवती बाहेर गेली. दार मिटले आणि तिच्याच आवाजात विचारू लागले. पिढ्या झाल्या, नक्षत्र झाले.

"आत येऊन काय करणार?"

"लेकीपाशी बसणार."

"हे उत्तर मान्य नाही. पुन्हा पहिल्यापासून."

आपलेच दात आणि आपलेच ओठ! वेत्रवती पायरीवर बसून ढसाढसा रडली.

"तीन कामे कर," साळुंकी म्हणाली.

वेत्रवतीने दारावर लिहिलेले नव्याण्णव प्रश्न पदराने पुसले, फक्त नाव ठेवले. ओढ्याचे पाणी आणून घागर प्रश्नाच्याही आधी मांडली. मग नाव सांगून आत गेली आणि उंबऱ्याशी रांगोळीचे एकच पाऊल काढले. त्यावर पाय पडला की पुढचे आपोआप उमटे. नगरीत गल्ल्या चौसष्ट, पण येणाऱ्यापुढे एका वेळी पाऊल एकच.

कित्येक दिवसांनी एक मेंढपाळ म्हातारी आली. पाणी प्याली.

"नाव?"

"ठकू."

दार उघडले. पावलामागून पाऊल टाकत ठकू थेट वेत्रवतीच्या चुलीपाशी पोचली. वेत्रवतीच्या ओठांवर शंभर प्रश्न आले, ते तिने गिळले. ठकूने आमटी चाखली आणि तोंड वाकडे केले.

"अळणी हाय गं! मीठ कुठं ठिवतीस?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने फडताळ उघडले. बारा वर्षांत चव सांगणारे कोणी नव्हते.

पिंपळावर कावळा ओरडला. अंगणातून आवाज आला, "...कोण आलंय?"

"आपलंच माणूस, बाळे," वेत्रवती म्हणाली.

राजा उठला, राज्य मार्गी लागले. दार अजूनही नाव विचारते, पण पाणी दिल्यावर.