इनासची होडी

वसईच्या किनाऱ्यावर सुरूबंदर नावाचा एक लहानसा कोळीवाडा होता. शिडाच्या होड्यांचे दिवस होते ते. सांजेची घंटा झाली की वाळूवर जाळी विणणारे हात थांबत आणि घराघरांतून प्रार्थनेचा सूर निघे. या गावी पाद्रीबाबा राहत. त्यांचे नाव फादर मार्सेलीन. पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचे कोणाला आठवत नाही. कोपरावर ठिगळ लावलेला झगा, अनवाणी पाय. कोणाच्याही ओट्यावर बसून भाजलेल्या बोंबलाशी भाकरी खात आणि उठताना घरातल्या म्हातारीची कंबर कशी आहे ते विचारीत. किती साधे, किती भरलेले दिवस होते ते!

एका पावसाळ्यात गावात तापाची साथ आली. पाद्रीबाबांनी देवळातले बाक बाहेर काढले आणि आजाऱ्यांना आत आणून निजवले. अशातच देवळाच्या छपराचे आढे तडकले. रविवारी मिस्सेत बाबा एवढेच म्हणाले, "छप्पर किती दिवस तग धरील, मला ठाऊक नाही. ज्याने ही माणसे माझ्या पदरात घातली, तो लाकूडही देईल."

मागे उभा असलेला इनास ते ऐकून घरी आला. गरीब, अबोल माणूस. त्याची होडी बापाच्या वेळची. तळाच्या फळ्या कुजलेल्या. रोज फटींत कापूस आणि राळ भरायची, मग समुद्रावर जायचे. नव्या होडीसाठी त्याने सागाचा एक सरळ सोट झावळ्यांखाली तीन वर्षे वाळवला होता.

"रेमेत," तो बायकोला म्हणाला, "तो सोट देवळाला देऊ या."

रेमेत चुलीपुढे थबकली. "आणि होडी? पोरांनी काय खायचं?"

"आजारी माणसांच्या डोक्यावर छप्पर नाही गं."

तिने भाकरी तव्यावरून उतरवली. मग डोळे पुसून म्हणाली, "मी एका बाजूनं धरते. एकट्याला उचलायचा नाही तो."

दोघांनी सोट देवळात नेला. वाटेत जुरान तांडेल भेटला. गावातल्या सर्वांत मोठ्या नावेचा धनी. आवाजही तेवढाच मोठा. "अरे इनास!" तो हसला. "आता समुद्रात देव तुझी होडी डोक्यावर घेऊन उभा राहणार काय?" चार माणसे हसली. इनास खाली मान घालून पुढे गेला. आढे चढले, साथ ओसरली. इनास मात्र त्याच कुजक्या होडीत किनाऱ्याकिनाऱ्याने मासे धरीत राहिला.

दिवाळीनंतर एका दुपारी अवचित वादळ उठले. जुरानचा मुलगा बस्त्याव आणि एक खलाशी लहान नाव घेऊन बाहेर होते. नाव खडकावर फुटली. दोघे खडकाला धरून बसलेले किनाऱ्यावरून दिसत होते. ओहोटी संपून भरती लागली होती. भरतीत तो खडक बुडतो, हे सर्वांना ठाऊक होते. मोठ्या नावा मात्र अजून चिखलात रुतलेल्या! वीस माणसांनी जोर लावला, पण एकही हलेना. जुरान चिखलात गुडघ्यांवर कोसळला. "माझा बस्त्याव! अरे, कोणी तरी जा रे!"

चिखलावरून ढकलता येईल अशी हलकी होडी एकच होती. इनास तिला ढकलीत पाण्यापर्यंत पोचला. पाद्रीबाबा धावत आले.

"बाबा, परवापासून राळ भरलेली नाही," इनास म्हणाला. "जाऊ का?"

त्या पुण्यपुरुषाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाणी आत शिरणार नाही, असे मी सांगत नाही, बाळा," बाबा म्हणाले. "येशू तुझ्यासोबत आहे, एवढेच सांगतो."

"मग झालं," इनास म्हणाला आणि वल्ही मारू लागला.

बाबा कमरेएवढ्या पाण्यात हात पसरून उभे राहिले. लाटा अंगावर फुटत होत्या, तरी ते हलले नाहीत. रेमेत त्यांच्यामागे वाळूत गुडघे टेकून बसली. होडी लाटेआड जाई, पुन्हा दिसे. खडकापाशी ती एकदा जोरात आदळली, तेव्हा सगळा किनारा ओरडला. आणि मग, हळूहळू, तीन माणसांना घेऊन होडी परत फिरली!

किनाऱ्याला लागताच लोकांनी ती ओढून वाळूवर घेतली. बस्त्याव अजून आतच बसला होता. पायांत बळ नव्हते. होडी कलंडली आणि तिचा तळ सगळ्यांना दिसला. तळाची एक फळी पुरती गेली होती. माणसाचे डोके जाईल एवढे भोक! आणि आतले लाकूड कोरडे.

जुरानने बाहेरून त्या भोकात हात घातला. तो खांद्यापर्यंत आत गेला. आतून बस्त्यावने बापाची बोटे धरली.

जुरान हंबरडा फोडून रडला. मग पाद्रीबाबांकडे धावला आणि त्यांच्या पायांवर पडू लागला. बाबांनी त्याला अर्ध्यावरच धरले. "माझ्या नव्हे रे. मी तर किनाऱ्यावरच उभा होतो."

जुरान वळला. सगळ्या गावासमोर त्या गर्विष्ठ तांडेलाने डोक्यावरची टोपी काढली आणि ओल्या वाळूत इनासच्या पायांवर कपाळ टेकले.

इनास कावराबावरा झाला. "अहो तांडेल, उठा," तो म्हणाला. "पोराला घरी न्या. थंडीनं कुडकुडतोय तो."

पण जुरान बराच वेळ उठला नाही.