दुसरं कारण

"शहर वाचायचं कसं, ते मला शिकवाल का, फादर?"

फादर अंतोन तुस्कानो वाकून बुटाची नाडी बांधत होते. मूळचे वसईचे. तरुणपणी पोर्तुगालमधल्या एव्होरा नावाच्या तटबंदीच्या जुन्या शहरात आले आणि तिथल्याच मठात राहिले.

"तू वाचून आलायस ना?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"सात पुस्तकं."

हे सांगताना निरंजन साठ्येची मान जरा ताठ झाली. पुण्यात त्याचं नाव होतं. रविवारी सकाळी तो जुन्या पेठा दाखवायला निघाला, की मागे पन्नास माणसं चालत. आता त्याला एव्होरावर पुस्तक लिहायचं होतं, म्हणून तो इथे आला होता. हातातल्या वहीत अठरा ठिकाणं होती, क्रमानं, वेळेसकट.

"चल तर मग."

चौक ओलांडून पहिल्याच फाट्याशी फादर थांबले.

"कुठे वळायचं?"

"उजवीकडे. रोमन देऊळ तिकडे आहे."

"कशावरून?"

"पुस्तकात आहे."

फादर हलले नाहीत...

"दुसरं कारण सांग."

"दुसरं कशाला? रस्ता बरोबर आहे, फादर."

"बरोबरच आहे. दुसरं सांग."

निरंजनला वाटलं, म्हातारबुवा गंमत करताहेत. पण फादर हात पाठीमागे बांधून समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले मोजे बघत उभे राहिले. पाच मिनिटं गेली. वहीतली वेळ टळली. निरंजन वैतागला.

"मग डावीकडे चला! तिकडून काहीतरी तळल्याचा वास येतोय."

फादर लगेच डावीकडे वळले.

वास एका बंद खिडकीशी संपला. पुढच्या फाट्यावर हातोडीचा आवाज होता, त्याच्या पुढच्यावर नुसतीच सावली. अशा कारणांनी वळत वळत दोघं एका उंच दगडी कमानीखाली आले. कमानीमागे कमान, अशी रांगच होती.

"जलसेतू!" निरंजन थबकला. "सोळाव्या शतकातला. अठरा किलोमीटर लांबून पाणी आणलं होतं यावरून..."

बोलता बोलता तो थांबला. कमानीच्या पोटात भिंत घातलेली होती. भिंतीला दार होतं, खिडकी होती. दारात एक वयस्कर बाई ओली चादर घेऊन उभी होती. फादरनी तिला हात केला. तिचं नाव सेलेस्त; सगळे तिला दोना सेलेस्त, म्हणजे सेलेस्तबाई, म्हणत. ती पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतायत?"

"म्हणते, हा रिकामा आहे का?"

तेवढ्यात चादरीचं एक टोक निरंजनच्या हातात आलं. त्यानं वही खिडकीत ठेवली. दोघांनी दोन टोकांनी चादर पिळली, झटकली, दोरीवर घातली. मग दुसरी. पाणी त्याच्या बुटांवर गळत होतं आणि बाई हसत होती.

"फादर, यांना विचारा ना," तो एकदम म्हणाला, "या कमानीत खिळा कसा ठोकतात?"

सकाळपासून त्यानं शहराबद्दल विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

दोना सेलेस्तनं त्याला आत नेलं. पलंगावर छप्पर म्हणून कमानीचा दगडच होता, वळलेला, काळसर. खिळा एकही नव्हता, सगळं जमिनीवर मांडलेलं. तिची आजी सांगायची, आपण पाण्याखाली झोपतो. लहानपणी दोना सेलेस्त पलंगावर उभी राहून त्या दगडाला कान लावायची.

फादरनी हे मराठीत सांगितलं. निरंजन पलंगाच्या कडेला गुडघा टेकून वर झाला आणि त्यानंही कान लावला.

बराच वेळ...

कुणीच विचारलं नाही, काय ऐकू आलं.

बाहेर पडल्यावर निरंजन पुढे आणि फादर मागे चालू लागले. आता तो कुणी कारण न विचारताच वळत होता. एका दाराला माशाच्या आकाराची कडी होती म्हणून, एक बाई जिन्यावरून कुणालातरी रागावत होती म्हणून, पुढे काय असेल म्हणून. घामानं शर्ट पाठीला चिकटला, तरी त्याचे पाय थांबेनात.

मग तो गर्रकन वळला.

"फादर, माझी वही! खिडकीतच राहिली. सहा महिन्यांचं काम आहे त्यात. कुठून आलो आपण?"

फादरनी मागे पाहिलं. पुढे पाहिलं. दोन्हीकडे सारख्याच पांढऱ्या भिंती, त्यांच्या पायाशी सारखेच पिवळे पट्टे.

"मला काय ठाऊक?"

"तुम्हाला ठाऊक नाही? तुम्ही तर इथलेच..."

फादर एका पायरीवर टेकले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"एकतीस वर्षं या गावात वाट चुकायला बघतोय, निरंजन. आजवर कधी जमलं नव्हतं. बस जरा."