समजलेल्यांनी उठावे

एकदा एक तरुण दोन समुद्र ओलांडून परमुलखातल्या एका वृद्ध वैद्यराजांच्या आश्रमात शिकायला आला. त्याचे गाव एका लहानशा बेटावर होते. तिथे दर वर्षी तापाची साथ येई आणि चार-दोन मुले घेऊन जाई. गावाला वैद्य असा कोणी नव्हताच. तो निघाला त्या दिवशी सारे गाव धक्क्यावर जमले होते. त्यांनी त्याच्याकडे एकच मागणे मागितले, की परत येशील तो वैद्य होऊनच ये.

त्या मुलखाची भाषा तो पोथ्यांतून शिकला होता आणि आपल्याला ती येते अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आश्रमात पाऊल ठेवल्यावर ही समजूत दोन दिवसही टिकली नाही. पोथीतली भाषा एका जागी थांबून असते, हवा तेवढा वेळ पाहून घ्यावी. माणसांची भाषा धावते, अर्धे शब्द गिळते, मध्येच थट्टा करते. पहिल्याच आठवड्यात त्याने धीर करून एक शंका विचारली. वाक्याचे शेपूट आधी आले, डोके मागाहून, आणि वर्गात हशा पिकला. हसणारी मुले काही दुष्ट नव्हती. दुपारी त्यांनीच त्याला शेजारी बसवून आग्रहाने वाढले. पण ज्याचे हसे होते त्याला हसणाऱ्यांचे मन कुठून दिसणार? त्या दिवसापासून त्याने तोंडाला कुलूप लावले.

आश्रमाची एक रीत होती. पाठ संपला की वैद्यराज म्हणत, "समजलेल्यांनी उठावे." ज्यांना समजले ते उठून औषधशाळेकडे कामाला जात. ज्याला शंका असेल त्याने बसून राहावे, वैद्यराज त्याला पुन्हा सांगत. रीत चांगली होती, फक्त जाणारी मुले बसलेल्याकडे वळून वळून पाहत. आपला हा तरुण उठायला शिकला. सर्वांत आधी नाही, सर्वांत शेवटीही नाही. चार जण उठले की हा पाचवा. भाषा येईना, पण ही कला त्याला महिन्याभरात उत्तम साधली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. खरेच आहे ते, पण शिकायला आलेल्यानेच मूठ झाकून ठेवली तर तिच्यात कोणी काही घालायचे कसे?

एके दिवशी पाठ होता सांधेदुखीवरच्या एका विषारी मुळीचा. मुळी उकळावी, ते पाणी फेकून द्यावे. पुन्हा उकळावी, तेही फेकावे. तिसऱ्या उकळीचे पाणी तेवढे रोग्याला द्यावे, असे वैद्यराजांनी सांगितले. तरुणाला मुळी कळली, उकळणे कळले, सांधे कळले. फेकणे तेवढे निसटले. चार जण उठले, तसा तोही उठला.

दुसऱ्या दिवशी सांधे धरलेल्या एका म्हाताऱ्या गाडीवानाला काढा देण्याची पाळी त्याची होती. गाडीवान वाटी ओठांशी नेतो न नेतो तोच वैद्यराजांनी ती काढून घेतली. काढ्याचा काळपट रंग त्यांनी क्षणभर पाहिला आणि तो राखेच्या खड्ड्यात ओतून दिला. आपल्या हातून माणूस मेला असता, आपल्याला परत पाठवतील, आणि पाठवायलाच हवे, असे तरुणाला वाटले. धक्क्यावर जमलेल्या त्या माणसांना काय सांगायचे, हे मात्र त्याला स्वतःच्या भाषेतही सुचेना. वैद्यराज एवढेच म्हणाले, "उद्याचा पाठ तू दे. तुझ्या भाषेत."

ही कसली शिक्षा, ते कोणालाच उमगले नाही. सकाळी तरुण गुरूंच्या आसनावर बसला आणि वैद्यराज शिष्यांमध्ये जाऊन बसले. त्याची आई तापात किनाऱ्यावरच्या एका झाडाची पाने वापरी, त्यांविषयी तो सांगू लागला. आरंभी तो खाली पाहूनच बोलत होता. मग आपली भाषा जिभेवर आल्यावर तो मोकळा झाला, हातवारे करू लागला, एकदा तर सांगता सांगता स्वतःच हसला. इतके महिने मुका वाटलेला हा मुलगा एवढे बोलतो, याचे वर्गाला मोठे नवल वाटले.

पाठ संपला. वैद्यराज म्हणाले, "समजलेल्यांनी उठावे."

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. मग नेहमी पहिला उठणारा हुशार शिष्य उठला. त्याला पाहून दोघे उठले, आणि बघता बघता सारा वर्ग उभा राहिला. वैद्यराज एकटे बसून होते. बंदरावरच्या खलाशांकडून त्यांनी त्या बेटाच्या भाषेतले पाच-सात शब्द गोळा केले होते. ते जोडत, अडखळत त्यांनी विचारले, की मूल अगदी लहान असेल तर पाने किती? त्यांचे उच्चार ऐकून मुलांना हसू आवरेना. तरुण मात्र हसला नाही. तो खाली उतरून त्यांच्यापुढे बसला आणि बोटांवर मोजून त्याने त्यांना तीनदा समजावले.

वैद्यराज शिष्यांकडे वळले. "मला पाच शब्द कळले, तरी मी बसलो. तुम्हाला एकही कळला नाही, तरी तुम्ही उठलात." मग ते तरुणाला म्हणाले, "बाळ, भाषा कच्ची असणं हा दोष नाही, ती पिकते. गाडीवानाचा जीव धोक्यात आला तो तू उठलास म्हणून. आणि तुला उठायला शिकवलं ते आम्ही, हसून. थोरला दोष माझा. इतके महिने तू एकदाही बसून राहिला नाहीस, आणि मला त्यात तुझी हुशारी दिसली."

त्याच दिवशी मुळीचा पाठ पुन्हा झाला. चार जण उठले. तरुण बसून राहिला. कानांच्या पाळ्या तापलेल्या, शब्द मागेपुढे झालेले, पण कोणते पाणी फेकायचे हे त्याने विचारले. दारापर्यंत गेलेला हुशार शिष्य सवयीने हसला, थबकला, आणि परत येऊन त्याच्या शेजारी बसला. कारण त्यालाही दुसऱ्या उकळीविषयी नीट सांगता आले नसते.

दूरदेशी शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना आपण फोनवर विचारतो, "सगळं समजतंय ना?" आणि मुले हो म्हणतात. एखाद्या दिवशी त्याऐवजी, आज काय समजलं नाही, असे विचारून पाहावे.