एकशे त्रेचाळीस कॅमेरे

“...आणि त्यातल्या किती कॅमेऱ्यांनी फोटो काढतेस?” अच्युतबुवांनी विचारलं.

“एकानंही नाही,” मालिनीबाई म्हणाल्या.

“एकशे त्रेचाळीस म्हणालीस ना?”

“एकशे त्रेचाळीस.”

“आणि फोटो एकही नाही.”

“नाही.”

बुवा गप्प झाले. कोयनेकाठच्या त्या मठात बुवा गप्प झाले की समोरचा माणूस आपोआप मान खाली घालतो, असा आजवरचा अनुभव. मालिनीबाईंनी मान खाली घातली नाही. मांडीवरची कापडी पिशवी तेवढी जवळ ओढली.

मालिनीबाई पोतनीस म्हणजे साधं प्रकरण नव्हे. कराडच्या शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलेली बाई. हेडमास्तरसुद्धा दार वाजवून आत यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वयाच्या बायका भजनी मंडळात गेल्या, कुणी काशीला गेल्या. मालिनीबाई जुन्या बाजारात जाऊ लागल्या. रद्दीवाल्याच्या ढिगातून, बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यांवरून एकेक जुना कॅमेरा उचलून आणू लागल्या. डब्यासारखे, पुढून भाता बाहेर येणारे, वरून वाकून बघायचे... घरातल्या कुणाला एकापासून दुसरा ओळखता येत नसे. बाईंना अंधारात हात लावून ओळखता येत.

एक अख्खी खोली भरली. आणि त्या खोलीवरूनच पेटलं.

नात दहावीत गेली, तिला अभ्यासाला जागा हवी होती. मुलगा सौमित्र काही वाईट नव्हता. पण चार वेळा सांगून झालं, समजावून झालं, शेवटी त्याचा आवाज चढला. “आई, ज्यांनी तू एक फोटो काढत नाहीस, ते भंगार आहे. मी गिऱ्हाईक बघतो.”

भंगार हा शब्द बाईंना फार लागला. त्या रागाच्या भरात बोलून गेल्या, “अच्युतबुवांना विचारू. ते विका म्हणाले, तर मी तोंडातून ब्र काढणार नाही.”

सासऱ्यांच्या वेळेपासून घर या मठाचं. बुवांचा शब्द शेवटचा. हे सगळं सुनेसमोर, शेजारच्या काकूंसमोर बोलून झालेलं. बाई खरं तर त्या घटकेपुरत्या जिंकायला गेल्या होत्या. पण सौमित्रनं शब्द अलगद झेलला. चार दिवसांत पुण्याचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी ठरवला, आणि आज त्याचा टेम्पो मठाच्या फाटकाशी उभा होता. इथून होकार मिळाला की थेट घरी जायचं आणि सगळं उचलायचं.

तर असं होतं सगळं. बाईंना आतून धडधडत होतं. चेहरा मात्र असा, की रेशनच्या दुकानात माप कमी आल्यावर माणूस जाब विचारायला येतो ना, तसा.

“फोटो काढत नाहीस,” बुवा म्हणाले, “मग करतेस काय त्यांचं?”

“चालू ठेवते.”

“म्हणजे?”

“दर आठवड्याला एका फळीवरचे खाली काढते. पुसते. प्रत्येकाचं शटर दहा-दहा वेळा दाबते. नाही दाबलं तर आतलं तेल घट्ट होतं, पाती एकमेकींना चिकटतात. मग तो कॅमेरा गेला.”

“रीळ घालून दाबतेस?”

“रिकामाच.”

“रिकामाच...” बुवांनी दाढीवरून हात फिरवला. “याला काय म्हणायचं, बाई?”

“ते तुम्ही सांगायचं. मी विचारायला आलेय.”

“विचारायला आल्यासारखी दिसत नाहीस.”

“दिसायचं कसं, ते मला जमत नाही.”

बुवांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. लगेच थांबलं.

“वस्तूत जीव गुंतवू नये,” ते म्हणाले.

हे येणार, हे बाईंना घरातून निघतानाच ठाऊक होतं. “गुंतलाय,” त्या म्हणाल्या.

“सोडवावा लागतो.”

“का?”

साठ वर्षं बुवा त्या आसनावर बसत होते. जीव कसा सोडवायचा, हे विचारणारे शेकड्यानं आले होते. का सोडवायचा, हे कुणी विचारलं नव्हतं.

“जाताना बरोबर नेता येत नाही म्हणून.”

“मला न्यायचेच नाहीत. मी आहे तोवर ते चालले पाहिजेत. बस.”

“आणि तुझ्यानंतर?”

“भेटलं कुणी वेडं तर भेटलं.”

बुवा काही बोलणार, तेवढ्यात देवळात घंटा झाली. माध्यान्ह. बुवा उठले. मठाचा एक रिवाज होता, तो राजा आला तरी चुकत नसे. बुवांच्या आधी या गादीवर अकरा गुरू होऊन गेले होते. अकरा जणांच्या पादुका सागवानी पेटीत होत्या. रोज दुपारी त्यातला एक जोड बाहेर काढायचा, अंगणातल्या आडाच्या कठड्यावर ऊन दाखवायचं, तेल लावायचं, परत गुंडाळून ठेवायचा. उद्या पुढचा जोड.

“ये,” बुवा म्हणाले. “बोलता बोलता काम होईल.”

बाई पिशवी घेऊन मागोमाग गेल्या.

बुवांनी तांबड्या मखमलीची गुंडाळी कठड्यावर ठेवली आणि हळूच सोडली. काळसर लाकडाच्या पादुका. अंगठ्याची खुंटी झिजून गुळगुळीत झालेली. बाईंनी त्या पाहिल्या, आणि आधी नमस्कार करायचा सोडून वास घेतला.

“मखमल काढून टाका,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“कापड ओल धरतं. ती खुंटीच्या बुडाशी पांढरी कड दिसतेय ना, बुरशी आहे ती. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचं मी हेच केलं. लाडानं चामड्याच्या पेटीत बंद ठेवला. वर्षानं उघडला तर भिंगावर जाळं. गेलाच तो. तेव्हापासून सगळे उघड्या फळीवर ठेवते.”

बुवांनी अंगठा फिरवला. अंगठ्याला पांढरं लागलं. ते अंगठ्याकडे बघत राहिले. मठात इतकी माणसं, रोज पूजा, रोज तेल... कुणाच्या डोळ्याला ते दिसलं नव्हतं.

“कुणाच्या या?” बाईंनी विचारलं.

“तिसऱ्या गुरूंच्या.”

“आता कोण घालतं?”

“पादुका आहेत, बाई. त्या घालायच्या नसतात.”

“मग तेल कशाला लावता?”

बुवांचं तेलात बुडालेलं बोट वाटीतच राहिलं.

आडात कबुतरं होती, त्यांची घूं घूं तेवढी वर येत होती. बाईंना वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. पण बोललेलं परत घ्यायची त्यांना सवय नव्हती.

“पिशवीत काय आहे?” बुवांनी विचारलं. आवाज बदलला होता.

“एक आहे त्यातला.”

“बाहेर काढ.”

बाईंनी काढला. घडीचा कॅमेरा. झाकण उघडलं की चामडी भाता पुढे सरकून येई. इस्लामपूरच्या एका बंद स्टुडिओतून आणला तेव्हा त्याचं शटर दगडासारखं धरलेलं होतं. सात महिने रोज लायटरच्या पेट्रोलचा एकेक थेंब सोडून, काडीनं पुसून, परत सोडून, एका सकाळी ते टिक् करून उडालं होतं. त्या सकाळी बाई स्वयंपाकघरात जाऊन एकट्याच रडल्या होत्या. नवरा गेला त्यानंतर पहिल्यांदाच सुखानं रडल्या होत्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

“सगळ्यात लाडका?” बुवांनी हात पुढे करत विचारलं.

“हो.”

बुवांनी कॅमेरा घेतला. कठड्याशी गेले आणि हात लांब करून आडावर धरला. खाली चाळीस हात पाणी, काळं.

“सोडतो,” ते म्हणाले. “एकदा दुखेल. मग बाकीचे सोपे जातील. मोकळी होशील... बोल, सोडू?”

आपण रडलो तर बुवांचं खरं ठरणार, हात जोडले तरी बुवांचंच खरं ठरणार, हे बाईंना लख्ख कळत होतं. शब्द दिला होता तो तोंडाचा. बुवा म्हणतील ते ऐकायचं, ब्र काढायचा नाही. हातांबद्दल त्यांनी कुणाला काही कबूल केलं नव्हतं.

त्या वाकल्या. कठड्यावरच्या पादुका उचलल्या. खुंट्यांना धरून हात लांब केला आणि आडावर धरला.

“बाई...”

“सोडा तुम्ही.”

“तिसऱ्या गुरूंच्या आहेत त्या.”

“आत्ताच सांगितलंत.”

“पाप लागेल.”

“लागू दे.”

“लाकूड आहे. तरंगेल,” बुवा म्हणाले.

“तरंगेल. पण इतकं जुनं लाकूड एकदा भिजलं की वाळताना उभं चिरतं. मग तेल लावा, नाहीतर तूप लावा.”

दोघं तसेच उभे राहिले. एक ऐंशी पार केलेला बुवा, एक सहासष्ट वर्षांची बाई, मध्ये आड. कुणी पाहिलं असतं तर दोघांनाही वेड्यात काढलं असतं. डोक्यावर ऊन. बाईंचा उजवा खांदा मुळातच दुखरा, डॉक्टरांनी दोन किलोची पिशवीही उचलू नका म्हणून बजावलेलं. कळ कोपरापर्यंत आली. हात त्यांनी तसूभर मागे घेतला नाही.

बुवा त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते पादुकांकडे बघत होते. बाईंनी त्यांचे डोळे पाहिले आणि त्यांना भीती ओळखू आली. त्यांच्या स्वतःच्या पोटात होती तीच. त्यांना बुवांची दया आली, अगदी मनापासून आली. तरी हात मागे घेतला नाही.

“भीती वाटते?” बुवांनी हळू विचारलं.

“वाटते.”

“मग घे मागे.”

“आधी तुम्ही.”

...

मग बाईंना दिसलं. बुवांचा डावा हात केव्हातरी उजव्याच्या खाली आला होता. ओंजळ करून. कॅमेरा चुकून निसटला तर झेलायला. बुवांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं.

बाईंची नजर तिकडे गेली, तशी बुवांचीही गेली. त्यांनी आपल्याच ओंजळीकडे पाहिलं. पाहतच राहिले.

त्यांनी हात मागे घेतला. मखमल कठड्यावरच पसरलेली होती, तिच्यावर कॅमेरा ठेवायला गेले, थांबले. मखमल ओढून बाजूला टाकली आणि कॅमेरा उघड्या दगडावर, सावलीच्या कडेला ठेवला.

बाईंनी पादुका आत घेतल्या. दोन्ही हातांनी कपाळाला लावल्या. मघाशी राहिलेला नमस्कार आता केला, अगदी मनापासून केला. माफी मागितली नाही. पदराच्या टोकानं खुंटीच्या बुडाची बुरशी पुसायला लागल्या.

“सुक्या फडक्यानं आधी,” त्या पुसता पुसता म्हणाल्या. “तेल मग. उलटं केलं तर बुरशी आत मुरते.”

बुवांनी सुकं फडकं आणून दिलं. तेलाची वाटी हातात धरून शेजारी उभे राहिले. बाईंनी मागितली तेव्हा पुढे केली.

फाटकाची कडी वाजली. सौमित्र घाईघाईनं अंगणात आला. आडाच्या काठावर आई पादुका पुसतेय, बुवा वाटी धरून उभे आहेत, हे बघून तो दोन पावलं मागेच थबकला. पण टेम्पो खोळंबला होता.

“महाराज, झालं का बोलणं?” त्यानं वाकून नमस्कार केला. “ते पुण्याचे शेठ केव्हाचे थांबलेत. चोखंदळ नाहीत ते, एकूण एक घ्यायला तयार आहेत. तुम्ही एक शब्द टाकलात की...”

मालिनीबाईंचा हात थांबला. दिलेला शब्द त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी ओठ आवळून धरले. आता ब्र काढायचा नव्हता.

बुवांनी वाटी खाली ठेवली. बाईंच्या हातातून तो तेल लावलेला जोड घेतला आणि सौमित्रच्या दोन्ही तळव्यांवर नीट ठेवला.

“असे अकरा जोड आहेत मठात,” ते म्हणाले. “किती घेतो, विचारून ये.”