वेणूच्या पुस्तकाची शेवटची तीन पानं

डोंगराच्या कुशीत पेरूंची एक हिरवीगार बाग होती. बागेच्या कडेला, कुडाच्या एवढ्याशा झोपडीत वेणू आणि तिची आई राहायच्या. आई दिवसभर पेरू तोडायची. घरात मीठ असलं तर पीठ नसायचं. पण वेणूची वाचायची भूक पोटाच्या भुकेहून मोठी! वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती आधी वाचायची, मग डाळ शिजायची.

शाळेत पुस्तकांची एक निळी पेटी होती. निकमबाई ती दर शनिवारी उघडायच्या आणि ज्याला त्याला एकेक पुस्तक द्यायच्या. या खेपेला वेणूला मिळालं होतं हरवलेल्या मोराचं पुस्तक. शेवटची तीन पानं राहिली होती, मोर अजून सापडायचा होता, आणि त्यांच्या दारच्या ठकी शेळीनं ती तिन्ही पानं मटामटा खाऊन टाकली!

"मेले, पाला कमी पडला का गं तुला?" वेणू रडत ओरडली. बाईंचा नियमच होता, पुस्तक फाटलं की त्या मुलाला वर्षभर पेटी बंद. आणि उद्याच शनिवार.

पुस्तक छातीशी धरून ती बागेत जाऊन बसली. इतक्यात पेरूच्या एका फुलातून झिळमिळ झिळमिळ उजेड आला. बोटाएवढी परी! पांढऱ्याशुभ्र केसरांचा झगा, नाकात दवाची चमकी, गुलाबी-जांभळ्या पाकळ्यांचे पंख.

"रडू नकोस गं छकुली. माग काय हवं ते."

वेणू डोळे पुसून चार पावलं मागे सरकली. गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसापासून लांब राहायचं, हे आईनं शंभरदा बजावलेलं.

"आधी पाय दाखव. हडळीचे पाय उलटे असतात."

परीनं पाय पुढे केले. तांदळाएवढे, सरळ, परागानं पिवळे झालेले.

"गाव कुठलं तुझं? कुणाची तू?"

"अगं बाई, सोयरीक जमवतेस की काय!" परी खुदकन हसली. "मी या बागेचीच."

"मग फुकट का देतेस?"

"नियम आहे ना त्याला. मागणं एकच. आणि मिळेल ते गुपचूप घ्यायचं, जास्त विचारायचं नाही."

वेणूच्या मनात पाल चुकचुकली. विचारू नको म्हणणारं माणूस काहीतरी लपवतंच. पण उद्याचा शनिवार डोळ्यांपुढे आला.

"ही तीन पानं हवीत," ती हळूच म्हणाली.

परीनं चिमुकली कांडी उचलली. वेणूला राहवेना.

"थांब! आणणार कुठून?"

"विचारलंसच का शेवटी?" परीनं डोळे बारीक केले. "लांबच्या गावात एका मुलीकडे अस्संच पुस्तक आहे. त्यातली काढायची, इथं लावायची. तू थोडीच ओळखतेस तिला?"

वेणूनं हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. म्हणजे त्या मुलीचाही मोर हरवलेलाच राहणार.

"मग नको," ती म्हणाली. "आज मला घास गिळवला नाही. तिनं का म्हणून रडावं? मी बाईंना खरं सांगेन. पेटी बंद तर बंद."

ती वळून चालू लागली.

"वेणू, अगं थांब!" परीचा आवाज सायीसारखा मऊ झाला होता. "सगळे आधी ओंजळ पुढे करतात गं. कुठून आणलंस, असं विचारणारी तूच पहिली."

आणि तिनं आपल्याच पंखांच्या तीन इवल्या पाकळ्या खुडल्या.

"अगं, दुखेल ना!"

"वेडी! पंख पुन्हा फुटतात."

पाकळ्या पुस्तकात ठेवताच त्यांची पानं झाली. अक्षरं मुंग्यांसारखी तुरुतुरु येऊन ओळीत बसली. वेणूनं पानांचे आकडे तपासले, दोनदा. बरोबर होते. आणि मोर सापडला होता!

तिनं मान वर केली तर परी उजळत चालली होती, आधी गुलाबी, मग सोनेरी. अख्खी बाग क्षणभर लख्ख झाली आणि परी त्या उजेडात विरून गेली.

शनिवारी वेणूनं बाईंना सगळं सांगितलं, शेळीचंही, परीचंही. बाईंनी चष्म्यावरून संशयानं पाहिलं. पानं उलटली, नाकाशी धरली. काय वास आला कोण जाणे! त्यांनी निळ्या पेटीची किल्ली वेणूच्या हातावर ठेवली.

"आजपासून पेटी तू उघडायचीस."

तेव्हापासून, बाळांनो, वेणू आधी पानं मोजायची, मगच पुस्तक हातात द्यायची, आणि त्या गावात कुणाचीच गोष्ट अर्धी राहिली नाही.